तळघरातला दिवा निर्दोष आहे

ओरेस्ट,

तळघरातली गांजाची चारही झाडे हिरवीगार, ठेंगणी आणि दाट पानांची आहेत. फूल मात्र एकालाही नाही.

काल जेवताना तू बाबांसमोर म्हणालास, "ताईनं चिक्कूपणा केला. कोंबड्यांच्या खुराड्यात लावतात तसला दिवा आणला, मग फुलं येणार कुठून?" बाबा आखडलेली बोटे चोळत राहिले. त्यांच्या मलमासाठीच ती फुले हवी आहेत, म्हणून हे लिहिते.

तो स्वस्त एलईडी मी खोक्यावरच्या फुशारकीला भुलून ठेवून घेतला नाही. तो खरोखर किती वीज घेतो, ते मीटर लावून पाहिले आणि मगच ठेवला. उजेड अपुरा असता, तर खोडे काटकुळी होऊन दिव्याकडे धावली असती. तसे झालेले नाही.

या झाडांना फुलोरा धरायला रोज बारा तास सलग काळोख लागतो, म्हणून तर दिव्याला टायमर बसवला आहे. आज पहाटे खाली उतरले, तर छताचा बल्ब ढणढणा जळत होता आणि कुंड्यांमागच्या खिळ्यावर तुझे हॉकीचे ओले हातमोजे लटकत होते.

बाबांना डॉक्टरांकडे नेते आहे. बिटाचे बोर्श्च सूप फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे. तो महागडा दिवा मागवू नकोस, आणि बाबांना खरे कारण तूच सांग: फुले अडली ती माझ्या दिव्यामुळे नव्हे, तू रोज रात्री सरावाहून आल्यावर हातमोजे वाळत घालायला तिथे बल्ब लावतोस, म्हणून.

दारिया