योवाना ओ देत नाही

७ मे २०२०
आज पुन्हा टीव्हीवरून रडारड. शाळा बंद, म्हणून सरकारची शाळा टीव्हीवर लागते. आधी बरं वाटलं. पडद्यावरची मास्तरीण रोज सुरुवातीला म्हणायची, "आले बरं का मुलांनो!" – आणि आमची योवाना तिच्यासोबत ओरडायची. पोर सहा वर्षांची, पण घर दणाणून सोडायची. आता शाळा संपली तरी उठत नाही. आवाज एवढा, की बायको, फोर्तुनाता, चुलीपासून खेकसली, "दत्तक द्या लेकीला त्या खोक्याला!" मी आवाज पार बंद केला. तरी बघतच राहिली. नुसती चित्रं!

१५ मे
शेतकऱ्यांच्या संताचा, सान इसिद्रोचा सण. मिरवणूक नाही. बैलांच्या शिंगांना फुलं नाहीत. मी एकट्यानं चॅपेल झाडलं, मेणबत्ती लावली. पिकासाठी काही मागितलं नाही. पोरीचं मागितलं.

१९ मे
बाजारातून आलो तर योवानानं माझा मास्क ओढून खाली केला. हल्ली रोजचंच. आज हातावर चापट दिली. रडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "तुम्ही सगळे हळू का बोलता?"
वर उलटून बोलणं!

२४ मे
आता बोलतही नाही फारशी. एप्रिलच्या तापानंतर वाळलीच आहे. तेव्हाही दवाखान्याला फोन केला होता. आजही केला. नर्सचं तेच – दम लागत नसेल तर खाली येऊ नका.

३० मे
गावात उतारे करणारी सातुर्निना आजी येऊन गेली. अंडं योवानाच्या अंगावरून फिरवलं, पाण्यात फोडलं, बराच वेळ बघितलं. म्हणाली, तापात पोर घाबरली, जीव बाहेर पडला, आणि त्या पडद्यानं तो धरून ठेवलाय. हाक मारून आणावा लागेल.

१ जून
दिवेलागणीला अंगणात उभा राहिलो. हातात योवानाची टोपी. ती हलवत हाक मारली – योवाना, ये, परत ये. दारातून तिनं "आले" म्हणायचं असतं. तिला ठाऊक आहे. चुलतभावाचा जीव असाच बोलावला तेव्हा तिनंच तर त्याला कोपरानं ढोसलं होतं, बोल म्हणून.
बोलली नाही. टोपीकडे बघितलं, मग छातीवर हात ठेवला, बोटं खाली ओढली. हसली.
"थट्टा करते," सातुर्निना आजी म्हणाली. "आत कोणी नाही. खोकं घराबाहेर काढ."

३ जून
टीव्ही पाठीवर बांधून माझा दोस्त एवारिस्तोकडे ठेवून आलो. "म्हणजे माझी पोरं बिघडली तर चालतील, कोंपाद्रे?" म्हणाला. हसू आलं नाही. घरी योवाना रिकाम्या फळीसमोर बसलेली. सूप तसंच.

१० जून
म्हातारा तेओदोसियो शहरातल्या इस्पितळात साथीनं वारला. देह मिळणार नाही. निदान चॅपेलची घंटा तरी – म्हणून वाजवली. योवाना घंटेखालीच खडे मांडून बसली होती. ही घंटा वाजली की कान दाबून पळायची.
मान वर केली नाही.
मी दोर आणखी जोरात ओढला. मग थांबलो. तिच्या पाठीमागे उभा राहून नाव घेतलं. पुन्हा घेतलं. ओरडलो.
तिनं खडा उचलून दुसऱ्या खड्यावर ठेवला.

११ जून
फोन न करताच तिला घेऊन दवाखान्यात गेलो. नर्स सुरुवातीला काचेआडून बोलली. मग बाहेर येऊन तिनं योवानाच्या कानामागे ताटली वाजवली.  "तापानंतर होतं असं. ऐकू येणं हळूहळू जातं. कानाचे डॉक्टर शहरात, पण तिथं आता फक्त साथीचे पेशंट."
"येईल परत?"
तिनं योवानाच्या डोक्यावर हात ठेवला. 

१३ जून
टीव्ही परत आणला. योवानाला मांडीवर घेऊन बसलो. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट आहे, तीत हातांनी बोलणारी एक बाई. तिच्याकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मास्तरीण म्हणाली, "आले बरं का मुलांनो!" त्या बाईनं छातीवर हात ठेवला, बोटं खाली ओढली.
अंगणात तिनं ओ दिली होती, देवा.