पोट सुटलेली भिंत

ता. ३ जुलै

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझं खुशालीचं पत्र पोचलं. जगाच्या भिंती बांधून घेतेस आणि आजीच्या भिंतीकडे बघायला तुला सवड नाही. असो. मी बरी आहे. गुडघे त्यांच्या मर्जीनं चालतात.

लिहायचं कारण, अंगणाच्या कडेची भिंत पुढे झुकली आहे. आपलं अंगण वर, शिवणवालीचं परसू पुरुषभर खाली, आणि मधे ती भिंत. गेल्या आठवड्यापासून भिंत आणि अंगणातली फरशी यांच्यामधे फट पडली. आधी काडेपेटीची काडी जायची, आता माझं बोट जातं. कडेच्या दोन फरश्या खचल्या. पाय ठेवला की खालून गढूळ पाणी पायावर उडतं. गच्चीतून वाकून पाहिलं तर भिंतीला तिच्या बाजूनं चक्क पोट सुटलंय.

हे आपोआप होत नसतं. शिवणवाली भिंतीच्या पायाशी खणते, मी पाहिलंय. अकरा वर्षं आमचं बोलणं नाही, म्हणून कचरा नेणारीकडून विचारवलं. निरोप आला, की भोपळ्याच्या वेलाला आळं केलंय. आळं करायला कुणी पहार घेतं का? भिंत पाडायची आणि हातभर जागा आपल्याकडे ओढायची, हा तिचा डाव. दिवसभर भिंतीला खेटून सावलीत मशीन चालवत बसते, म्हणजे कुणाला शंका येऊ नये. मी डोळ्यांत तेल घालून बसले आहे. तू तुझ्या साहेबांना विचारून तिला एक कडक कागद पाठव.

आजीचा जीव आहे तुझ्यावर, एवढं ध्यानात असू दे.

तुझी आजी


ता. ७ जुलै

ती. आजीस भिंगरीचा साष्टांग नमस्कार.

कडक कागद पाठवत नाही, रागावू नकोस. माझ्या साहेबांना तुझ्या शिवणवालीची भीती वाटेल असं नाही, पण तुझी वाटते.

थोडे दिवस शिवणवालीवरचा पहारा उठव आणि भिंतीवर ठेव. काचेची एक बारीक पट्टी घे. तिचं एक टोक भिंतीला, दुसरं फरशीला, असं त्या फटीवर सिमेंटनं चिकटव. भिंत हलत असेल तर काच तडकेल. वेलाच्या आळ्यानं भिंतीला पोट सुटत नाही. मागच्या मातीत पाणी साठलं की माती जड होते आणि भिंतीला ढकलते. छपराच्या पन्हाळीचं पाणी कुठे पडतं तेही बघ. आणि भिंतीच्या खालच्या अंगाला नळीची तोंडं असतील, त्यांतून पाणी ठिबकतं का, ते गच्चीतून पाहून कळव.

जेवणाची वेळ चुकवू नकोस. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी भिंगरी


ता. १२ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

काच लावली. दुसऱ्या दिवशी तडकली. मी म्हटलं, शिवणवालीनं खालून खडा मारला. म्हणून दुसरी लावली आणि समोर पाट टाकून बसले. दुपारपर्यंत जागची हलले नाही. मांजरसुद्धा फिरकलं नाही आणि काच माझ्या डोळ्यांदेखत टिचली. खाली मशीन चालूच होतं, तेव्हा ती नव्हती एवढं मान्य करते. पण मग भिंत बांधणाऱ्या गवंड्यानं सिमेंट खाल्लं असणार. त्याच्यावर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता.

पन्हाळीचं पाणी भिंतीशेजारच्या फुलझाडांत पडतं. फुकटचं पाणी कशाला घालवायचं?

तू विचारतेस ती नळीची तोंडं सहा होती. आता एकही नाही. तीन वर्षांपूर्वी भिंत झाली तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की गवंड्यानं विटा वाचवायला भोकं ठेवली आहेत. शिवाय माझ्या झाडांचं पाणी त्यांतून थेट तिच्या वेलाला जायचं. पाणी आम्ही घालायचं आणि भोपळे तिनं खायचे. गवंडी नको नको म्हणत होता. मी त्याच्या उरावर उभी राहून सगळी भोकं सिमेंटनं बुजवून घेतली. तेव्हापासून थेंब जात नाही. म्हणजे तो दोष तरी राहिलेला नाही.

लोभ कमी करू नये. कमी केलास तर मला कळतं.

तुझी आजी


ता. १४ जुलै, सकाळ

ती. आजीस नमस्कार.

पोस्टानं उशीर होईल म्हणून हे पत्र वाळूच्या ट्रकवाल्याच्या हाती देते आहे. संध्याकाळपर्यंत पोचेल.

आजी, ती भोकं लबाडी नव्हती. अंगणात मुरलेलं पाणी बाहेर जायला तेवढीच वाट होती. ती बंद झाली आणि वरून पन्हाळीचं पाणी तिथेच पडत राहिलं. तीन वर्षांचं पाणी भिंतीच्या पाठीला टेकून उभं आहे.

पडेल तेव्हा भिंत तुझ्याकडे पडणार नाही. खाली पडेल, मशीनवर. म्हणून आधी शिवणवालीला तिथून उठव. आजच्या आज, आणि स्वतः जाऊन. कचरा नेणारीकडून निरोप नको. भोकं खालून फोडायला कुणाला सांगू नकोस, आधी वरून माती काढावी लागते. गवंड्याला कळवलंय, उद्या तो टेकू घेऊन येईल.

रागावायचं ते माझ्यावर नंतर रागाव.

भिंगरी


ता. १६ जुलै

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

भिंत पडली. खाली कुणी नव्हतं. आता सावकाश सांगते.

काल सकाळी गवंडी टेकू उतरवतच होता, तेवढ्यात मधला भाग ओल्या पोत्यासारखा खाली बसला. शिवणवालीचं स्टूल असायचं तिथे कमरेएवढ्या विटा. गवंडी माझ्याकडे बघत होता, मी विटांकडे. नवी भिंत तो म्हणेल तशी होईल. पाठीमागे खडी, खाली भोकं, फरशीचा उतार भिंतीपासून दूर, आणि पन्हाळ नळी लावून थेट गटारात. मी मधे बोलणार नाही, असं त्यानं माझ्याकडून वदवून घेतलं.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी गुडघे धरत खाली गेले. ती पडद्याला दुमड घालत होती. म्हटलं, की भिंत पडणार आहे, उठ. तिनं मशीन थांबवलं नाही. म्हणाली, की अकरा वर्षांपूर्वी या मशीनच्या खडखडाटानं तुमचं डोकं दुखत होतं, आता भिंत पडते आहे. मला इथून हलवायला पुढच्या वर्षी काय आणाल? मी काचेचं सांगितलं. तर म्हणाली, की तुम्हीच फोडली असेल. तिच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते, त्यामुळे रागावताही येईना. तुझं पत्र पुढे केलं. नातीकडून काय हवं ते लिहून आणता येतं, म्हणाली.

पंचाईत झाली. मी उभी, भिंत तिच्या डोक्यावर, आणि मशीन चालूच. शेवटी सांगितलं, की या भिंतीतली भोकं मी बुजवली. गवंडी नको म्हणत असताना बुजवली. तुझ्या वेलाला पाणी जाऊ नये म्हणून बुजवली. माझं चुकलं.

मशीन थांबलं. पुन्हा सांगा, म्हणाली. ऐकू आलं होतं तिला, पण मी पुन्हा सांगितलं.

तिनं सुई वर घेतली, दोरा तोडला, पडदा खांद्यावर टाकला. म्हणाली, की तुम्ही चूक कबूल करताय म्हणजे भिंत आजच पडणार. मग मशीनचं एक टोक स्वतः उचललं आणि दुसरं मला धरायला लावलं.

तुझ्यावर माझा राग नाही. हे पत्र मिळाल्याचं कळव.

तुझी आजी