नाचणीच्या कापणीपासून

कंपाला, मुलांचा कॅन्सर वॉर्ड
१२ मार्च १९९८

ती. एद्रिदाताईस मेराबचा सा. न. वि. वि.

तुसीमेचं ऑपरेशन मंगळवारी झालं. उजवा डोळा काढला. अवघड तेच आधी लिहून टाकलं, म्हणजे पुढचं लिहिता येईल. गाठ मागच्या नसेत थोडी शिरली होती, म्हणून आता जवळजवळ सहा महिने शिरेतून औषध देणार आहेत. तुझी लाडकी भाची चार वर्षांची असून वॉर्डावर हुकूम गाजवते. काल नर्सला म्हणाली, डोळा धुऊन झाला की परत द्या.

शेजारच्या खाटेवर उत्तरेतल्या गुलूची लामुनू आणि तिची मुलगी आबेर आहे. आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही. ती तिच्या भाषेत प्रार्थना करते, मी माझ्या, आणि दोघी एकाच चटईवर झोपतो.

बुबुळात पांढरं प्रथम कधी दिसलं, असं डॉक्टरांनी विचारलं. डिसेंबरात कोर्स संपवून मी घरी आले तेव्हा, असं मी सांगितलं. ते म्हणाले, बाई, हे त्याच्या बरंच आधीचं आहे. मी म्हटलं, तिथे गावात कुणाच्या लक्षात यायचं?

मी शिक्षिकेचा कोर्स करत होते तेव्हा वर्षभर तू तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलंस. रोज देवाचे आभार मानते, आणि त्याच दमात तुझे. भावोजींना नमस्कार. लोभ आहे तो वाढवावा.

तुझी,
मेराब


बुशेन्यी
२९ मार्च १९९८

चि. मेराबला ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बसच्या ड्रायव्हरने आणून दिलं. वाचता वाचता चुलीवरची मातोक्याची केळी करपली. हे उपाशीच चर्चच्या मंडळीच्या सभेला गेले. जाताना म्हणाले, आज बायकोच्या रडण्यानेच पोट भरलं.

तू खचू नकोस. मंडळीच्या महिला संघातल्या बायका दर गुरुवारी उपास करतात. नाचणीच्या कापणीपासून आम्ही त्या डोळ्यासाठी गुडघे टेकतोय, एक गुरुवार चुकलेला नाही. एवढी प्रार्थना वाया जात नसते. भाजलेले शेंगदाणे पाठवले आहेत, लामुनूलाही दे. आणि चटईवर घोरू नकोस. तुझं घोरणं त्या बिचारीला कुठल्याच भाषेत कळायचं नाही.

माझ्या बाळीचा मुका घे. आमच्यावर माया आहे तशीच राहू दे.

ताई


कंपाला
१० एप्रिल १९९८

ताई,

नाचणीची कापणी जुलैत होते. मी डिसेंबरात आले.

ऑगस्टमध्ये मी पत्रातून विचारलं होतं, पोर कशी आहे. बोकडासारखी उड्या मारतेय, असं तू कळवलंस.

जुलैत आणली असती तर काय झालं असतं, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, डोळा बहुधा तेव्हाही गेला असता. पण नस वाचली असती आणि हे औषध लागलं नसतं. हे औषध काय करतं ते तुला सांगते. तिच्या तोंडात फोड आलेत. पाणी गिळताना ती माझ्या हातात नखं रुतवते. उशीवरचे केस मी ती उठायच्या आत गोळा करते. तरी मला बजावते, मावशीला कळव, मी रडले नाही.

तू मला एक ओळ लिहायची होतीस.

मेराब


बुशेन्यी
२३ ऑगस्ट १९९८

चि. मेराब, आशीर्वाद.

माझ्या तीन पत्रांना तुझं उत्तर नाही. शेवटची सलाईन झाली आणि गाठ आता कुठे दिसत नाही, हे ड्रायव्हरकडून कळलं. मी अंगणातच बसून रडले.

आता खरं लिहिते. कंदील जवळ नेला की तिचा डोळा मांजराच्या डोळ्यासारखा चमकायचा. मेराबला कळवू या, असं मी यांना म्हटलं. हे म्हणाले, मंडळीचा वडील, सगळ्यांचा पुढारी मी. माझ्याच घरातून पोर दवाखान्यात धाडली तर विश्वास कशाला म्हणायचा? वर म्हणाले, मेराब कोर्स सोडून येईल. ते मला पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. तू आलीस की तिला घेऊन जाशील आणि माझं घर पुन्हा रिकामं होईल, ही मला भीती होती. हे मी प्रार्थनेतसुद्धा बोलले नव्हते.

यांनी सहा सप्टेंबरला उपकारस्तुतीची सभा ठेवली आहे. हे चर्चच्या लिलावासाठी बोकड देणार आहेत. तुसीमेला पुढे उभं करावं आणि ती प्रार्थनेने बरी झाली असं तू सांगावंस, अशी यांची इच्छा आहे. येशील का?

ताई


कंपाला
३० ऑगस्ट १९९८

ताई,

तुसीमे येणार नाही. ती लोकांना दाखवायची वस्तू नाही.

आभार मलाही मानायचे आहेत. देवाचे, सर्जनचे, शीर सापडेपर्यंत पोरीला गाणं म्हणून दाखवणाऱ्या नर्सचे, आणि लामुनूचे. तिची आबेर जूनमध्ये गेली. गावी परतताना लामुनू आपली चटई मला ठेवून गेली. तिनेही उपास केले होते. ते कमी पडले, असं तिला सांगू का?

सभेत बोलायचंच असेल तर तू बोल. जुलै म्हण.

मेराब


बुशेन्यी
१२ सप्टेंबर १९९८

चि. मेराब,

मी उभी राहिले. जुलै म्हणाले. दोन वाक्यं झाली असतील, तेवढ्यात यांनी भजन सुरू केलं आणि सगळे गायला लागले. भजन संपेपर्यंत मी तशीच उभी होते. मग बोकडाचा लिलाव झाला.

हे माझ्या हातचं जेवत नाहीत. गुरुवारी बायकांनी मला बोलावलं नाही. शुक्रवारी मागच्या दाराने संघातलीच केलेन आली. तिच्या मुलीचा जबडा दोन आठवडे सुजलाय आणि संघात प्रार्थना चालू आहे. मी दोघींना बसमध्ये बसवते आहे, हे पत्र तिच्याच हाती देते. तिला वॉर्ड दाखव.

मला तुसीमे एकदा पाहू दे.

ताई


कंपाला
२ ऑक्टोबर १९९८

ताईस नमस्कार.

केलेनच्या मुलीची सूज निम्मी उतरली. डॉक्टर म्हणतात, वेळेत आली. हे तुझ्यामुळे झालं. आभार मानते, आणि ते तोंडदेखले नाहीत.

तुसीमे नाताळला गावी जायचा हट्ट धरून बसली आहे. मी तिला पाठवणार नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी तिची तपासणी असते, तेव्हा ये. बाहेरच्या बाकावर तिला घेऊन बस, हव्या तेवढ्या गोष्टी सांग. जुलैची मात्र सांगू नकोस. देवाच्या खालोखाल ती तुलाच मानते. ते तिला कधी सांगायचं, हे मी ठरवीन.

तू असशील तेवढा वेळ मी चहाला जाईन.

तिचा तुझ्यावर लोभ आहेच. माझ्या लोभाचं विचारू नये.

मेराब