झोपलेल्या राक्षसाची पेटी

गुरुजी, तुमची पेटी सध्या झोपण्याचं काम करते. मुलांच्या एका नाटकात राक्षस आहे. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत झोपलेलाच असतो आणि त्याचा श्वास म्हणजे तुमच्या पेटीचा भाता. एकही पट्टी दाबायची नाही, भाता सावकाश उघडायचा आणि मिटायचा, समोर माइक. भाता कडेला थोडा विरला आहे, त्यामुळे श्वास चांगला येतो. नाटकांना, नाचांना असले आवाज देणं हा माझा धंदा. लोक त्याला संगीत म्हणतात तेव्हा मी वाद घालत नाही. तुम्ही घातला असता.

याच भात्यावरून तुम्ही मला एकदा झापलं होतं. परतूरच्या तुमच्या घरातली सुट्टीतली दुपार. मला अलंकार घोटायला बसवून तुम्ही शेजारच्या सतरंजीवर आडवे झाला आहात, काकू आत शेंगा फोडताहेत. तुमचा डोळा लागला आहे आणि मी सूर सोडून नुसता भाता हलवते आहे. तुम्ही एकदम उठून बसता. "पोरी, पेटी वाजवून राह्यलीस का चूल फुंकून राह्यलीस? भाता फाटला मंग?" काकू आतून म्हणतात, "जाऊ द्या, लेकरू हाय." तुम्ही म्हणता, "म्हणूनच सांगतो. सूर लावायचा नसंल तर पेटीला हात लावायचा न्हाई." मी मुकाट्याने सा लावला. वाईट वाटलं होतं, पण घरी जाऊन नेहमीसारखी जेवले.

तुम्ही गेल्यावर दादांनी, तुमच्या मुलाने, पेटी मला आणून दिली. "बाबांची पेटी वाजती राह्यली पायजे, बाकी काही न्हाई," एवढीच अट घातली. परवा हसनाबादच्या शाळेत आमचा प्रयोग होता. दादा न कळवताच आले आणि मुलांच्या मागे खुर्ची ओढून बसले. पेटी परत जाणार, हे मी धरूनच चालले. मध्येच एखादी सुरावट वाजवली असती तर दादा खूश झाले असते, पण राक्षस मेला असता. मी भाताच हलवत राहिले. पुढच्या रांगेतली एक मुलगी शेजारणीला दटावत होती, "गप ना, उठंल तो!"

प्रयोग संपल्यावर दादा आले आणि पेटीवर हात ठेवून उभे राहिले.

"एक बी सूर लावला न्हाईस."

"नाही लावला," मी म्हटलं आणि माइकची वायर गुंडाळायला लागले.

त्यांनी भात्याच्या विरलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बाबा जेवून झोपले की असाच आवाज यायचा. मधीच अडकायचा, मंग सुटायचा. तू तर बराबर तसंच करून राह्यलीस." डोळे पुसून, पेटी तिथेच ठेवून ते घाईने एसटी गाठायला निघाले. मला फार बरं वाटलं.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून सांगून टाकते. त्या दुपारी मी चाळा करत नव्हते, गुरुजी. तुम्ही घोरत होतात आणि मी साथ करत होते.