छतावरचे गज

पात्रा, मार्च २०१३

प्रिय अंथी,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. आता निमूट वाच. रविवारी तू म्हणालीस, हॅनोव्हरच्या हॉस्पिटलात तुला कायम करतायत, पण तू सही केली नाहीस. बाबांचं पेन्शन पुन्हा कापलं, अशा वेळी तुम्हाला एकटं कसं सोडू, त्यापेक्षा घरी परत येते, असं तुझं म्हणणं. मला रडू आलं नाही, राग आला. इथे नर्सना घरी बसवतायत आणि माझी शहाणी लेक नोकरी सोडून यायला निघालीय!

आमचं बरं चाललंय. घराचा कर विजेच्या बिलात लावून आला, तेव्हा बाबांनी आधी सरकारला, मग मीटरला शिव्या दिल्या आणि बिल हप्त्यांनी फेडून टाकलं. हीटरचं तेल परवडेना, म्हणून बैठकीत लाकडाची शेगडी आणली. शेजारची आग्लाइया रोज संध्याकाळी आपलं लाकूड घेऊन येते आणि माझी निम्मी बिस्किटं फस्त करून जाते. इतक्या गप्पा आम्ही सुबत्तेतही मारल्या नव्हत्या. तुमच्या तिकडचे जर्मन पेपर आम्हा ग्रीकांना आळशी म्हणतात, हे मी बाबांना सांगितलं. चाळीस वर्षं विटा रचलेला माणूस, हसून हसून खोकला लागला त्याला.

छतावरचे ते गज तुला आठवतच असतील. तुझा बाप्तिस्मा झाला त्या उन्हाळ्यात बाबांनी स्लॅब टाकला आणि खांबांचे गज मुद्दाम उघडे ठेवले, पुढे लेकीच्या संसारासाठी वरचा मजला चढवायला. गंजू नयेत म्हणून त्यांवर प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या घातल्या. वाऱ्यात त्या खडखडल्या की तू माझ्या पांघरुणात शिरायचीस. बँकेनं कर्ज नाकारलं, तू परदेशी निघून गेलीस, तरी दर वसंतात बाबा वर चढून बाटल्या बदलायचे. ते वर असले की मी खाली उगाच भांडी घासत बसायची.

रविवारी तू फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी बाबांनी कटर मागून आणला आणि छतावर गेले. ठिणग्या पाहून आग्लाइया धावत आली, गल्लीतूनच ओरडली, "अरे थ्रासोस, वेड लागलं का तुला? जित्याजागत्या मुलीचे गज कापतोस?" बाबा वरून म्हणाले, "जित्याजागत्या मुलीचेच कापतोय. तिला वाटतं, हे गज तिला बोलावतायत."

म्हणून हे पत्र, अंथी. ते स्वतः तुला सांगणार नाहीत, मला सांगावं लागतंय. गज कापून झाले तेव्हा मी पोटभर रडले, त्यांनी मला रडू दिलं. मग त्याच गजांचा त्यांनी अंगणात मांडव उभा केला आणि द्राक्षाचा वेल वर चढवला. खाली चार खुर्च्या मावतात. चौथी आग्लाइया बळकावेल, तिसरी तुझी. तू सही कर, पोरी. आणि ऑगस्टमध्ये चांगली महिनाभर माहेरपणाला ये.

तुझीच,
आई