खारबाचा चेहरा

प्रिय कल्पिता,

तुझे मिस्ड कॉल पाहिले. 'अगं, वाचलंस की नाही?' हा मेसेजही पाहिला. उत्तर मुद्दामच दिलं नाही. फोनवर बोलायला लागले असते तर माझा आवाज चढला असता, आणि मग तू नेहमीसारखी 'शांत झालीस की बोलू' म्हणून फोन ठेवला असतास. म्हणून लिहिते आहे.

पुस्तक मिळालं. 'लाटांचा किल्ला' हा गेम माझी प्राप्ती गेलं वर्षभर माझ्या मोबाईलवर खेळते आहे. त्या गेमवर मुलांसाठी साहसकादंबरी निघणार आणि ती आपली कल्पितामावशी लिहिणार, हे कळल्यापासून तिने वर्गात नुसता उच्छाद मांडला होता. पार्सल फोडायच्या आधी हात धुऊन आली. तू सही करून लिहिलं होतंस, 'प्राप्तीला, जिच्या अंगणापर्यंत समुद्र येतो.' ते पान तिने शेजारच्या कोकिळाकाकूंपासून रेवसच्या धक्क्यावर तिकिटं फाडणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांना दाखवलं.

पुस्तक चांगलं झालंय, हे आधी सांगून टाकते. मी पंधरा वर्षं शाळेत शिकवते. मुलांनी वाचावं म्हणून काय काय करून पाहिलं ते तुला माहीत आहे. माझ्या पाचवीतला अल्पेश, ज्याला धड्याचं एक पान पुरं करायला घाम फुटतो, तो मधल्या सुट्टीत जांभळाखाली बसून तुझं पुस्तक मोठ्याने वाचत होता आणि बाकीची पोरं डबे तसेच ठेवून ऐकत होती. मला इतका अभिमान वाटला की मी ग्रंथालयासाठी आणखी प्रती मागवल्या. हे मीच केलं, हे आता आठवलं की कसंतरी होतं.

कारण तेव्हा मी स्वतः वाचलं नव्हतं. पोरांच्या तोंडून तुकडे ऐकत होते. खाडीकाठचा किल्ला, समुद्र अडवणारा बांध, बांधातलं लाकडी दार, आणि ते दार राखणारा खारबा. डाव्या पायाने लंगडणारा, बोट पाण्यात बुडवून जिभेला लावणारा, 'पानी बोलवल्याबिगर येत न्हाय' म्हणणारा. गावाचा विश्वासू माणूस, जो आतून समुद्राच्या राक्षसाला फितूर असतो आणि उधाणाच्या दिवशी स्वतःच्या हाताने दार उघडून सगळं शिवार बुडवतो.

प्राप्तीला मी विचारलं, गेममधला खारबा असाच आहे का गं? ती म्हणाली, गेममध्ये त्याला चेहराच नाहीये आई. तिथे नुसती काळी सावली असते, नावसुद्धा नाही.

म्हणजे चेहरा तू दिलास. आणि तुला माझ्या बाबांचाच चेहरा सापडला.

तुझी आई गेल्यावर तू रघूमामाकडे राहायला आलीस तेव्हा आपण दोघी चौथीत होतो. मामाच्या घरी तू भीतभीत जेवायचीस, म्हणून माझी आई तुला आमच्याकडे ओढून आणायची. तांदळाची गरम भाकरी आणि सुकटीची चटणी. तू तव्याजवळून उठायची नाहीस. बाबा बांधावर जाताना आपल्या दोघींना सोबत न्यायचे. ती उघाडी, म्हणजे बांधातलं ते दार, कसं चालतं हे त्यांनीच आपल्याला शिकवलं. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जाऊ देतं आणि भरती आली की पाण्याच्या रेट्यानं आपलं आपण मिटतं. गावाने बाबांना त्या दाराचा राखणदार नेमलं होतं. एवढा मान आमच्या घराला आधी कधी मिळाला नव्हता. पुस्तकात तू दाराची करकर, बुरशीचा वास, सगळं हुबेहूब उतरवलं आहेस. वाचताना मला आपली अनवाणी पावलं दिसली.

आणि मग ते भादव्यातलं उधाण. दार मिटलंच नाही. निसवायला आलेल्या भातात खारं पाणी शिरलं, आणि पुढे कित्येक वर्षं त्या जमिनीत मिठाचा पांढरा थर तेवढा यायचा. बाबा चावडीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, माझा डोळा लागला, दार बघितलं न्हाय. राखणदारी गेली. बाबा लांबच्या मिठागरावर मजुरीला जायला लागले. विहिरीवर आई पोचली की बायका हंडे उचलून निघून जायच्या. पुढच्या वर्षी तुला मावशीनं पनवेलला नेलं. सुट्टीत तू आलीस की आई तुला तसंच जेवू घालायची, आणि तू बाबांच्या पाया पडायचीस. गावात दुसरं कुणी तेव्हा आमच्या उंबऱ्यात पाय ठेवत नव्हतं, म्हणून मी तुला बहिणीहून जवळची मानलं.

एवढ्या वर्षांत लोक ते विसरत आले होते. शेतं पुन्हा पिकायला लागली, निम्मी विकलीही गेली. बाबा प्राप्तीला शाळेत सोडायचे आणि न्यायला यायचे, फाटकाशी उभे राहून पोरांना नारळाच्या झावळीची पिपाणी करून द्यायचे. तुझं पुस्तक आल्यावर एका दुपारी पोरं त्यांच्या मागून लंगडत चालायला लागली. 'खारबा आला, दार लावा.' बाबांना वाटलं काही नवा खेळ आहे. ते हसले, आणखी लंगडून दाखवलं. पोरांनी घरी जाऊन सांगितलं, आणि घरी कुणा आजीने सांगितलं की अरे, खरंच याच म्हाताऱ्याने गाव बुडवलं होतं. त्यानंतर तो खेळ राहिला नाही. प्राप्ती एक दिवस डोळे लाल करून आली आणि त्यांना म्हणाली, आजोबा, तुम्ही उद्यापासून न्यायला येऊ नका.

संध्याकाळी बाबा मला म्हणाले, ते पुस्तक वाचून दाखव. मी सगळं वाचलं, कल्पिता. वगळावं असं मनात होतं, पण त्यांच्यासमोर मला ते जमत नाही. ते भिंतीला टेकून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "चाल बरोबर घेतलीय पोरीनं." मी तुला फोन लावायला उठले तर त्यांनी माझा हात धरला. "ठेव तो. तिला कुनी काय इचारायचं न्हाय. पोर होती ती."

मला कळेना. कोण पोर? मग त्यांनी सांगितलं, जे त्यांनी माझ्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं. उधाणाच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच तू गुडघाभर पाण्यातून त्यांच्याकडे सगळं सांगायला गेली होतीस. भरतीबरोबर जिताडे मासे आत येतात असं त्यांनीच आपल्याला सांगितलं होतं. एक मोठा जिताडा धरून मामाला द्यावा, म्हणजे तो तुझ्यावर खूश होईल, म्हणून तू आदल्या दिवशी दाराच्या फटीत बांबू अडकवला होतास. बाबांनी तो बांबू काढला, खाडीत फेकला आणि तुला म्हणाले, घरी जा आन् हे कुनाला सांगू नको. मी विचारलं, का केलंत असं? ते म्हणाले, "रघूची जिमीन सगळ्यात आधी बुडाली व्हती. त्यानं तिला घरात ठेवली नसती. मला काय, नोकरी जानार, एवढंच."

एवढंच. माझी आई तुला वाढत राहिली आणि आपल्या नवऱ्याने झोपेत गाव बुडवलं असं मानत गेली. बाबांवरही माझा राग आहे. तो मी त्यांना बोलून दाखवला, आणि त्यांनी ऐकून घेतला.

तू विसरली असशील, असं मी स्वतःला फार समजावून पाहिलं. नऊ वर्षांची होतीस, आई गेलेली, घाबरलेली. पण मग मी पुस्तकातलं दार उघडण्याचं प्रकरण पुन्हा वाचलं. तुझा खारबा दाराच्या फटीत बांबू अडकवतो. गावात सगळ्यांना डोळा लागल्याचंच माहीत आहे, बांबू कुणालाच माहीत नाही. म्हणजे तुला सगळं आठवतंय. लहानपणी केलंस त्याबद्दल माझं तुझ्याशी भांडण नाही. त्या वयात मीही गप्प बसले असते. पण आता मोठेपणी, शांतपणे टेबलाशी बसून, तू तो बांबू स्वतःच्या हातातून काढून त्यांच्या हातात दिलास. एका गेममधल्या सावलीला चेहरा हवा होता म्हणून.

शनिवारी तू आमच्या शाळेत मुलांशी गप्पा मारायला येते आहेस. मुख्याध्यापकांनी तुझी ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे दिलंय. तुला काही कळू द्यायचं नाही असं वचन बाबांनी माझ्याकडून घेतलं होतं. ते मी या पत्राने मोडते आहे, कारण तू बेसावध असताना तुला सगळ्यांसमोर उभं करणं मला जमणार नाही. मुलं प्रश्न तयार करताहेत. अल्पेशचा प्रश्न आहे, 'मॅडम, खारबाने दार का उघडलं?' मी तो गाळलेला नाही, आणि तू काय उत्तर देणार हेही विचारत नाही. कोकिळाकाकूंनी बाबांचा पांढरा सदरा इस्त्री करून आणला आहे. तुझं भाषण ऐकायचं म्हणून ते पहिल्या रांगेत बसणार आहेत. उत्तर देशील ते त्यांच्याकडे बघून दे.

'तुझीच' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतीच,
दिपाली