आंधळ्या कॉम्प्युटरातली साक्ष

माय, तुला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली आणि आज मी तुला कागद लिहिते आहे. म्हणजे सांगते मी, बटणं दाबते नात. तुला अक्षर येत नव्हतं, मला येत नाही, तेव्हा हा कागद आपल्या दोघींच्याही कामाचा नाही. पण मी एक गोष्ट जिंकले आणि ती तुला सांगायची राहून गेली. नात माझं बोलणं सरळ करून लिहिते. मी ‘मले’ म्हटलं की ती ‘मला’ ठेवते. मी तिला म्हटलं, माझं कर बापा सरळ, मी काय आता कुठं पळते. पण भांडणातलं बोलणं आणि माझ्या मायच्या तोंडचं सरळ करशील तर ती वरून येऊन तुझ्या झिंज्या उपटेल.

तुझ्या शेवटच्या वर्षांत कापसाने सगळ्यांनाच घरी बसवलं होतं, तुला आठवत असेल. बोंड भरेना, वेचायला कोणी बोलावेना. म्हणून मी झरीच्या त्या संस्थेच्या केंद्रावर झाडायला आणि चहा करायला लागले. दोन खोल्या, दोन्हींत एकेक कॉम्प्युटर, आणि भिंतीला भोक पाडून एकातून दुसऱ्यात घातलेली निळी वायर. तिथे एक इंजिनीअर बाई होती, शहरातली, पण चपला बाहेर काढून आत येणारी. तिच्या कॉम्प्युटरवर चित्रं नव्हती, नुसता काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं, जशी तव्यावर ज्वारीच्या पिठाची भुकटी. ती एक ओळ लिहायची, मोठं बटण दाबायची, आणि आतल्या खोलीतल्या फायली बाहेरच्या खोलीत यायच्या. कोणी उचलल्या नाहीत, कोणी वाहिल्या नाहीत. मी विचारलं, “बाई, तिकडच्या सरल्या काय?” ती म्हणाली, “नाही मावशी, तिकडेही राहतात, इकडेही येतात.” मला तर हे फार आवडलं. आपल्या घरात एकीला वाढलं की दुसरीचं ताट रिकामं व्हायचं.

मग बाईने ते काम मलाच लावून दिलं. दर शनिवारी झाडझूड झाली की वर टोक असलेल्या बाणाचं बटण दाबायचं, जुनी ओळ आपोआप परत येते. ती नीट पाहायची आणि मोठं बटण दाबायचं. वाचायचं नाही, पाहायचं. जिथून घ्यायचं ते घर ओळीत आधी, जिथे ठेवायचं ते नंतर. आतल्या खोलीच्या नावाला एकावर एक दोन ठिपके असायचे, म्हणून ते ठिपके ओळीच्या आधल्या अंगाला दिसले पाहिजेत. आणि बाईने बजावलं होतं, “मावशी, ही ओळ दोन्ही घरं सारखी करते. पहिल्या घरात जे नाही ते दुसऱ्या घरातून पुसून टाकते. उलटी झाली तर बसू बोंबलत.” मी म्हटलं, मला नका सांगू, मी त्यापायी मार खाल्लेला आहे.

खाल्लेलाच आहे ना? मी आठ-नऊ वर्षांची असेन. चुलीमागे तुरीची दोन गाडगी, एकात पेरायची चांगली तूर, दुसऱ्यात सोंडे लागलेली. तू बाळंतपणाला गेलेली, कारण आपल्या पोडावरची, सगळ्या वस्तीची सुईण तूच. जाताना म्हणालीस चांगली तेवढी बियाण्याच्या मोठ्या गाडग्यात ओत, आणि मी किडकी तूर बियाण्यावर ओतून मोकळी झाले. तू येतेस, गाडग्यात हात घालतेस, आणि बोटांवर सोंडे चढतात. उलथनं माझ्या पाठीत आधी बसलं, तुझं तोंड नंतर सुटलं. “डोये फुटले तं हात होते ना तुले? ओतायच्या आंधी दोन्हीत हात घालून पाह्य, येडे!” त्या वर्षी आपण बियाणं मागून पेरलं.

आता खरी गोष्ट. आपल्या पोडाचे जमिनीचे दावे तालुक्याला पडले होते. जंगलाच्या कडेची ती वावरं आपण पिढ्यान्‌पिढ्या कसतो, पण कागद एकाकडेही नव्हता. म्हाताऱ्या माणसांची साक्ष चालते, हे बाईने शोधून काढलं आणि मोहाच्या झाडाखाली बसवून तुम्हा सगळ्यांचं बोलणं भरून घेतलं. त्या फायली आतल्या खोलीत राहिल्या. पुढच्या पावसाळ्यात तू गेलीस, तुझ्यामागून आणखी तिघं गेली. बाई बदलून गेली. तिच्या जागी एक सर आले, पन्नाशीचे, केस काळे केलेले. बाहेरच्या खोलीत नवा कोरा कॉम्प्युटर आला, जुना तिथून गेला, आणि माझा शनिवारही गेला. सर म्हणाले, मावशी, बटणांना हात नाही लावायचा.

सुनावणी सोमवारवर आली आणि गुरुवारी आतल्या कॉम्प्युटरचा पडदा जळला. जीव होता, डोळे गेले. पेन ड्राइव्ह घालायची भोकं आधीच कामातून गेलेली. पोटातून खरखर आवाज येत होता, म्हातारा खोकतो तसा. वायर तेवढी चालू होती. बाईने लिहून ठेवलेली वही काढून सर बाहेरच्या खोलीत बसले. मी चहा घेऊन मागे उभी. ओळ पडद्यावर उमटली आणि मला दिसलं की दोन ठिपके मागच्या अंगाला आहेत.

“सर, थांबा. कुठून कुठं चाललं हे?”

“मावशी, चहा ठेवा तिथं.”

“चहाले लागो आग! बाईची ओळ अशी नोहती. ते दोन ठिपके आंधी राहत, तुमचे मांगं गेले.”

“तुम्हाले वाचता येते काय?”

“वाचता येत नाही म्हणूनच पाह्यता येते.”

ते हसले आणि त्यांचं बोट मोठ्या बटणाकडे निघालं. मी मनगट धरलं. माय, परक्या पुरुषाचं मनगट, तेही घड्याळ घातलेलं! म्हटलं, “दोन्हीत काय हाये ते पाह्यल्याबिगर मी दाबू देत नाही. मंग मले कामावरून काढा.”

मला गप्प करायला म्हणूनच त्यांनी पाहिलं. इथली जागा रिकामी, कारण तिथल्या नावाचा कोरा कप्पा त्यांनीच सकाळी करून ठेवलेला. तिकडे मात्र ओळीने अकरा जणं बसलेले, तू त्यात. रिकामं भरल्यावर ओतायला निघाले होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मावशी,” ते म्हणाले, “सारं साफ झालं असतं ना वो.” मग त्यांनी घरं बदलली, ठिपके पुढे आणले आणि खुर्चीवरून उठले. “दाबा तुम्हीच.”

मी पदराला हात पुसला आणि दाबलं. एकेक नाव उमटायला लागलं, सर वाचत गेले, मी बोटांवर मोजत गेले. सातवं तुझं. त्यावर गाडं अडलं, खरखर वाढली, मी म्हटलं, चाल वं माय, हट्टीपणा नको करू. आणि चाललीस तू! अकराच्या अकरा आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आतला कॉम्प्युटर सुरूच झाला नाही.

सोमवारी तालुक्याला भरल्या खोलीत तुझा आवाज वाजला. साहेबांनी विचारलं होतं, इथे पूर्वीपासून वस्ती होती कशावरून? आणि तू, पोडाची सुईण, वरून उत्तर दिलंस: “या बांधाबांधानं म्या लेकरायच्या नायी पुरल्या. मानसं नोहती तं काय वाघिनीचं बायतपन केलं म्या?” आधी साहेब हसले, मग सगळी खोली हसली, मग साहेब म्हणाले, परत लावा. तीनदा लावलं माय. पुढच्या वर्षी पोडावर जमिनीचे पट्टे आले. आज आपल्या वावरात तूर आहे, आणि सातबारावर माझंही नाव आहे, ते मला वाचता येत नाही तरी मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. सर तर जाईपर्यंत मला मावशी मॅडम म्हणत. मी कधी अडवलं नाही.

नात विचारते, आजी, झालं का? एक राहिलं. हे कोणाला सांगितलेलं नाही. ज्या दिवशी तू मोहाखाली बसून ते बोललीस, त्या दिवशी पुरुषांसमोर तू नाळ आणि बाळंतपण काढलंस म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तू उठून गेल्यावर मी बाईला बाजूला घेतलं आणि म्हटलं, आमच्या म्हातारीचं तेवढं पुसून टाका. ती ‘हो मावशी’ म्हणाली आणि तिने पुसलं नाही. नातीने हे लिहिलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी म्हटलं, लिहिलं ना, मग राहू दे, कुठे पाठवायचं नाही.